कॅमेरा म्हणजे नक्की काय असतं?

डिजिटल कॅमेऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीला एक खोड होती. व्हिडिओ सुरू केला, की २९ मिनिटं ५९ सेकंदांनी कॅमेरा आपला आपण थांबायचा. बॅटरी भरलेली, कार्डात जागा उदंड, यंत्र तापलेलंही नाही, तरी थांबायचा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मंडळींनी याचा धसकाच घेतला होता. मुलीच्या दोन आत्या, मुलाची मावशी आणि शेजारच्या एक निवृत्त संगीत शिक्षिका अशा सगळ्यांनी स्वरचित मंगलाष्टकं म्हणायची ठरवली, की अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. शेवटचं ‘सावधान’ होऊन अक्षता उडतात, बँड वाजतो, आणि ट्रायपॉडवरचा कॅमेरा निवांत बसलेला असतो. मग ‘दादा, हार परत एकदा घाला’ अशी आज्ञा सुटते आणि मुहूर्त टळून गेल्यावर लग्न दुसऱ्यांदा लागतं.

सगळे कंपनीच्या नावाने बोटं मोडायचे. प्रताप खरं तर ब्रसेल्सचा होता.

फोटो काढणारा कॅमेरा व्हिडिओही काढू लागला तेव्हा युरोपीय संघाच्या सीमाशुल्कवाल्यांपुढे पेच पडला, की याला म्हणायचं काय? फोटोच्या कॅमेऱ्यावर शुल्क शून्य. व्हिडिओ कॅमेऱ्यावर ४.९ टक्के, आणि तो बाहेरून आलेलं चित्रणही टिपून ठेवत असेल तर १४ टक्के. तेव्हा त्यांनी एक रेघ मारली. चित्र ८०० बाय ६०० पिक्सेल किंवा त्याहून मोठं, सेकंदाला किमान २३ फ्रेम, आणि सलग किमान ३० मिनिटं, एवढं ज्याला जमतं तो व्हिडिओ कॅमेरा. कंपन्यांनी रेघ पाहिली आणि तिच्या एक सेकंद अलीकडे थांबल्या. जपानी अभियंत्यांनी वर्षानुवर्षं डोकं झिजवून बनवलेल्या यंत्राला शेवटी शिकवलं काय, तर अर्धा तास भरायच्या आत मान टाकायला. पॅनासोनिकचा जीएच४ अमेरिकेत कार्ड भरेपर्यंत चालायचा; युरोपात विकलेला तोच कॅमेरा अर्ध्या तासाच्या उंबरठ्यावर थबकायचा. दोघांच्या पोटात सारखेच अवयव होते, फक्त एकाला कर माहीत होता.

भारताने ही व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी उचलली. डिजिटल स्थिर कॅमेऱ्याला मूळ सीमाशुल्काची माफी होती. मार्च २०१२ च्या अधिसूचनेने त्या माफीला ८०० बाय ६००, २३ फ्रेम आणि ३० मिनिटं ही अट जोडली, आणि वर एक शेपूटही लावलं: साठवणक्षमता वाढवून जास्तीत जास्त जेवढी होईल तेवढी धरून. म्हणजे बाजारात मिळेल ते सगळ्यात मोठं कार्ड आत सारायचं आणि कॅमेरा किती वेळ टिकतो ते बघायचं. परीक्षा विद्यार्थ्याची, पण त्याला वही केवढी मिळते यावर निकाल.

त्याच महिन्यात कॅनन इंडियाचे कॅमेरे दिल्लीत उतरले आणि माफी घेऊन सुटलेसुद्धा. २०१४ साली महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, नोटीस काढली की हे कॅमेरे माफीत बसत नाहीत, शुल्क भरा. इतर नामांकित कॅमेरा कंपन्याही याच फेऱ्यात सापडल्या. प्रकरण लवादातून सर्वोच्च न्यायालयात पोचलं. तिथे आता कॅमेरा टेबलावर ठेवून स्टॉपवॉच लावतील असं कोणाला वाटलं असेल, तर त्याला आपली न्यायव्यवस्था कळलेली नाही. ९ मार्च २०२१ रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे, म्हणजे आपले नागपूरचे, यांच्या पीठाने निकाल दिला तो ‘प्रॉपर ऑफिसर’च्या आधी लागलेल्या ‘द’ या इंग्रजी उपपदावर. कायद्यात ‘द प्रॉपर ऑफिसर’ असं आहे. म्हणजे ज्या अधिकाऱ्याने माल सोडला तोच, किंवा त्याच्या जागी बसलेला. कोणीही ऐरागैरा नाही. डीआरआयचा अधिकारी तो नव्हे, सबब नोटीस रद्द.

कॅमेरा स्थिर की चल, हा मूळ मुद्दा तसाच बाजूला बसून राहिला. पण त्या एका उपपदाने देशभरातल्या, कॅमेऱ्याशी काही देणंघेणं नसलेल्या असंख्य नोटिसांच्या पायाखालची फरशी सरकली. सरकारने २०२२ च्या वित्त कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती करून फरशी परत बसवली. फेरविचार याचिका त्याआधीच दाखल झालेली होती, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने आधीचा निकाल फिरवला: डीआरआयचे अधिकारीही योग्यच अधिकारी. साडेतीन वर्षांत अधिकारी अयोग्याचा योग्य झाला. एवढ्या अवधीत कॅमेऱ्याची दोन मॉडेलं जुनी होतात.

पदरी वकिलांची फौज असलेल्या कंपन्यांची ही कथा, तर पगारातून पैसे साठवून एक लेन्स घेऊ पाहणाऱ्या हौशी माणसाने काय करावं? हा हौशी माणूस पुण्यात, ठाण्यात, कोल्हापुरात कुठेही भेटतो. हिवाळ्यात पहाटे चारला उठून भिगवणला रोहित पक्षी बघायला जातो, उन्हाळ्यात ताडोब्याला जिप्सीत भाजून निघतो. घरी भाजी आणायला सांगितली तर त्याचे गुडघे दुखतात, पण सिग्माची १५०-६०० स्पोर्ट्स ही लेन्स गळ्यात अडकवून दिवसभर हिंडतो. तिचं वजन २ किलो ८६० ग्रॅम.

असा माणूस एका रात्री जेवण झाल्यावर न्यूयॉर्कच्या बी अँड एच या दुकानाचं संकेतस्थळ उघडतो, आणि तिथून त्याच्या अध:पतनाला सुरुवात होते. बी अँड एच म्हणजे या पंथाचं पंढरपूर. १९७३ साली ब्लिमी आणि हर्मन श्रायबर या दांपत्याने ते काढलं, नाव दोघांच्या आद्याक्षरांवरून. नाइन्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या दुकानात डोक्यावरून पट्टे फिरतात आणि माल हिरव्या खोक्यांतून काउंटरवर येतो. मालक धर्मनिष्ठ ज्यू असल्यामुळे साबाथला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत, दुकान तर बंदच, पण संकेतस्थळही पैसे घेत नाही. वस्तू पाहा, टोपलीत टाका, पैसे मात्र नंतर. आपल्या घड्याळाप्रमाणे हा काळ साधारण शनिवार पहाट ते रविवार सकाळ असा पडतो. हौशी माणसाला आठवड्यात फुरसत तेव्हाच असते. कित्येक संसार या साबाथने वाचवले असतील.

रविवारी दुकान उघडतं. किंमत डॉलरमध्ये असते, आणि डॉलरमधल्या किमतीला एक मोहक सडपातळपणा असतो. शिवाय माल परदेशी जाणार म्हणून न्यूयॉर्कचा विक्रीकरही लागत नाही. इथल्या दुकानापेक्षा बरीच स्वस्त पडते हो! हे वाक्य तो बायकोला सांगतो. ‘बरीच म्हणजे किती?’ असं ती विचारते, आणि त्याचं उत्तर देण्यासाठी त्याला सीमाशुल्काचं शास्त्र शिकावं लागतं.

शास्त्राचा पहिला धडा असा, की कर वस्तूच्या किमतीवर लागत नाही. तो किंमत, विमानभाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागतो. भाडं किती ते ठाऊक नसेल तर किमतीच्या २० टक्के धरायचं, विमा किती ते ठाऊक नसेल तर १.१२५ टक्के, २००७ च्या मूल्यांकन नियमांत तसं लिहिलेलं आहे. हा १.१२५ चा आकडा कोणी आणि कोणत्या मन:स्थितीत काढला असेल, याचा विचार करत बसू नये. २०१७ च्या सप्टेंबरपर्यंत यात माल उतरवण्याचा खर्च म्हणून आणखी १ टक्का मिळवत असत. तो मग सोडून दिला. रुपया-डॉलरचा भावही मोबाइलवर दिसतो तो चालत नाही. सीमाशुल्क मंडळ स्वत:चा भाव जाहीर करतं.

दुसरा धडा: करावर कर असतो. टपालाने किंवा विमानाने वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या मालाला शुल्कपत्रकात ९८०४ हा स्वतंत्र कप्पा आहे. या कप्प्याचा दर ३५ टक्के होता तेव्हाचं गणित बघण्यासारखं आहे. १ लाखाचा माल, त्यावर ३५,००० मूळ शुल्क. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ३,५००. आता झाले १,३८,५००. या सगळ्यावर, म्हणजे मालावर, शुल्कावर आणि शुल्काच्या अधिभारावर, २८ टक्के एकात्मिक वस्तू-सेवा कर: ३८,७८०. एकूण कर ७७,२८०. हौशी मंडळींत ७७.२८ हा आकडा पाढ्यासारखा पाठ असे. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, ‘एक फिल्टर मागवतोय बाहेरून’, की बाकीचे एका सुरात ‘सत्याहत्तर अठ्ठावीस’ म्हणायचे आणि तो फिल्टर तिथेच विरून जायचा. पुढे २०२५ च्या अर्थसंकल्पाने मूळ दर ३५ वरून २० वर आणला आणि २०२६ च्या अर्थसंकल्पाने २० वरून १० वर. पाढा बदलला, पण तोंडात बसलेली सवय जात नाही. अजूनही एखादे काका ७७.२८ च सांगतात.

तिसरा धडा सगळ्यात अवघड. आपण ज्याला ‘कॅमेऱ्याचं सामान’ म्हणतो ते शुल्कपत्रकाला एक वस्तू म्हणून मान्यच नाही. व्यापारी माल म्हणून आलं तर डिजिटल कॅमेरा ८५२५ मध्ये, रीळवाला कॅमेरा ९००६ मध्ये, लेन्स ९००२ मध्ये, आणि पिशवी थेट ४२ व्या प्रकरणात, सुटकेसा आणि पाकिटांच्या शेजारी. ट्रायपॉडची कथा आणखी निराळी. बिचाऱ्याला हक्काची जागाच नव्हती. जागतिक सीमाशुल्क संघटनेने २०१७ च्या आवृत्तीत त्याच्यासाठी ९६२० हा नवा मथळा काढला, आणि त्यात एक पायाचे, दोन पायांचे, तीन पायांचे असे सगळे आधार एकत्र बसवले. सेल्फीची काठीही त्यातच गेली. जगभरच्या देशांचे तज्ज्ञ एका टेबलाभोवती बसून सेल्फीच्या काठीचं गोत्र ठरवत आहेत, हे दृश्य मात्र कोणी टिपलेलं नाही.

हे सगळं नव्याने आलेलं संकट आहे असं नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, की घरात कॅमेरा असणं म्हणजे आग्फाचा क्लिक थ्री असणं. तो बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीज बनवत असे. रीळ १२० चं, फोटो १२. त्यामुळे सहलीला निघालेल्या कुटुंबात कोणाचा कितवा फोटो यावरून अबोले होत. कृष्णधवल रीळ उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं, ‘इंदू’ नावाचं. यापलीकडचं काही हवं असेल तर परदेश, आणि परदेशाला कुलूप. १९९१ च्या आधी आयात शुल्काचा सर्वोच्च दर ३०० टक्क्यांच्या पुढे होता. सुधारणा झाल्या म्हणजे तो १५० वर आला. त्या काळात याशिका हा शब्द ‘आखातातले काका’ या शब्दांना जोडूनच उच्चारला जाई. ज्यांना काका नव्हते त्यांच्यासाठी मनीष मार्केट आणि हाजी अलीचं हिरा पन्ना होतं. तिथे वस्तू कोणत्या मथळ्याखाली आली हे कोणी विचारत नसे.

काकांची जागा आता भाच्याने घेतली आहे. भाचा न्यू जर्सीत असतो आणि दर दोन वर्षांनी डिसेंबरात येतो. त्याला तिकडे लगेच माल मागवता येतो, पण न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के. डेलावेअर, ओरेगॉन, मोंटाना आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत विक्रीकर नाही. हे मामाला भाच्याआधी ठाऊक असतं. ‘अरे, पोर्टलंडला तुमचं कोणी नाही का?’ असं मामा सहज विचारल्यासारखं विचारतो. पोर्टलंडला भाच्याच्या बायकोची मैत्रीण निघते. मग लेन्स ओरेगॉनला जाते, तिथून न्यू जर्सीला, तिथून मुंबईला. खुद्द भाचा अजून पोर्टलंडला गेलेला नाही.

‘मामा, केवढीशी आहे ती?’

‘छोटीशीच आहे रे. हातातल्या बॅगेत बसेल.’

तीन किलोला एकशे चाळीस ग्रॅम कमी. त्या जागी भाच्याने आईसाठी घेतलेलं मसाजचं यंत्र होतं. ते न्यू जर्सीतच राहतं.

मग सुरू होतं विमानतळाचं शास्त्र. २०१६ च्या बॅगेज नियमांनी परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणायची मुभा दिली, आणि दहा वर्षं हीच मर्यादा राहिली. २०२६ च्या नव्या नियमांनी ती ७५,००० केली. जुन्या मर्यादेच्या वर जेवढं असेल त्यावर ३८.५ टक्के. १ लाख ३० हजारांची लेन्स असेल तर वरच्या ८० हजारांवर ३०,८०० रुपये. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप मात्र या मर्यादेच्या बाहेर, संपूर्ण मोफत. यामागचा विचार उघड आहे: लॅपटॉपवर माणूस काम करतो, कॅमेऱ्याने चैन. लॅपटॉपवर माणसं काय करतात हे नियम करणाऱ्यांनी जवळून पाहिलेलं दिसत नाही.

नवराबायको दोघं येत असतील तर दोघांची मर्यादा जोडता येईल का? नाही. नियमात स्पष्ट लिहिलं आहे, की एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवायची नाही. जोडप्यांनी यावर काढलेला तोडगा असा, की कॅमेऱ्याची बॉडी नवऱ्याच्या बॅगेत आणि लेन्स बायकोच्या. वीस वर्षांच्या संसारात ज्यांनी एकमेकांच्या वस्तूंना कधी स्वतंत्र मानलं नाही, ते सामानाच्या पट्ट्यापाशी अचानक फारकत घेतल्यासारखे पाच फूट अंतरावर उभे राहतात. त्यातही बायकोला लेन्सचं नाव विचारलं तर पंचाईत. ‘काळी आहे’ एवढंच ती सांगू शकते.

वापरलेलं वैयक्तिक सामान शुल्कमुक्त असतं, हे कळल्यापासून तर प्रतिभेला बहर आला आहे. खोकं तिकडेच फेकायचं. वॉरंटी कार्ड कपड्यांच्या घडीत. पट्टा दोन दिवस गळ्यात घालून मळवायचा. नवी वस्तू हाताळताना ज्या माणसाचे हात थरथरतात, तो स्वत:च्या हाताने तिला जुनेपण आणतो. सोयीची ही समजूत अर्थात कायद्याला मान्य नाही. चार दिवसांपूर्वी घेतलेली वस्तू चुरगळली म्हणून जुनी होत नाही, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याने असे मळवलेले पट्टे आयुष्यभर पाहिलेले असतात. लपवलेलं सापडलं तर शुल्कावर दंडही येतो. रेड चॅनलने जाऊन पैसे भरून येणारे लोक असतात. भाचेमंडळी त्यांच्याकडे आदराने बघत ग्रीन चॅनलकडे वळतात.

गंमत अशी, की विमानतळावर जुनेपणा हा गुण आणि आयातीत तोच दोष. जपानी विक्रेत्यांकडून जुन्या लेन्स मागवण्याचं वेड हल्ली बरंच आहे. ते लोक वस्तूचं वर्णन इतकं प्रांजळ करतात, की आपल्याकडच्या वधूवर सूचक मंडळांनी धडे घ्यावेत: आत बारीक धूळ, मागच्या कडेला ओरखडा, बुरशी नाही. कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते म्हणून रडणाऱ्याला ‘बुरशी नाही’ हे दोन शब्द प्रेमपत्रासारखे वाटतात. पण आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात, यंत्रसामग्री सोडून बाकी वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित आहे, परवानगी लागते. म्हणजे तीच जुनी लेन्स प्रवाशाच्या खांद्यावर आली तर बिनतक्रार, पार्सलातून आली तर तिला परवाना दाखवावा लागेल.

मग भेट म्हणून मागवली तर? ही वाट सर्वांत लोकप्रिय होती. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना शुल्क माफ होतं, आणि त्या काळात भारतीयांना परदेशातून ज्या संख्येने भेटी येत, त्यावरून जगात आपल्याइतकं लाडकं कोणी नसावं असं वाटे. विशेषत: चिनी विक्रेते अनोळखी माणसाला प्रेमाने बॅटऱ्या, मेमरी कार्डं आणि लेन्सची झाकणं पाठवत. १२ डिसेंबर २०१९ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने हा भावबंध तोडला. टपाल किंवा कुरिअरने भेट म्हणून माल आणायला बंदी. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीपुढे अधिसूचनेत खुलासाही आहे: राखी चालेल, राखीसोबतची भेट चालणार नाही. अधिसूचना लिहिणारा गृहस्थ बहिणींना ओळखून असणार. राखीच्या पाकिटात दीडशे मिलिमीटरची मॅक्रो लेन्स येऊ शकते, हे त्याने आधीच ताडलं होतं. पूर्ण शुल्क भरून भेट मागवायला अर्थात ना नाही; पण शुल्क आपणच भरायचं असेल तर तिला भेट म्हणण्यात काय राहिलं?

ड्रोनच्या बाबतीत तर हिशेबाचाही प्रश्न नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे ड्रोन आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा अपवाद सोडून. सुटे भाग चालतात. सिंगापूरहून हौसेने आणलेला ड्रोन विमानतळावर ठेवून घरी यावं लागलेले लोक भेटतात. ते फार बोलत नाहीत.

एवढं सोसून कॅमेरा घरी आला, म्हणजे सुटलो असं वाटतं. तर तसं नाही. तोच कॅमेरा घेऊन पुढच्या मे महिन्यात युरोपच्या सहलीला जायचं असेल, तर परतताना तो आपलाच आहे आणि आपण इथूनच नेला होता हे सिद्ध करायची पाळी येऊ शकते. त्यासाठी जातानाच विमानतळावर सीमाशुल्काच्या टेबलावर निर्यात प्रमाणपत्र करून घ्यायची सोय आहे: मेक, मॉडेल, अनुक्रमांक. सहल कंपनीच्या रांगेतले चाळीस जण खाकरे आणि ठेपले मोजत असताना हा एकटा टेबलावर लेन्सा मांडून बसलेला असतो. व्यावसायिक चित्रपटवाल्यांसाठी याहून मोठं प्रकरण आहे, त्याचं नाव एटीए कार्नेट. सामानाचा जणू पासपोर्टच. भारतात तो फिक्की देते. त्यात प्रत्येक केबल, प्रत्येक बॅटरीची यादी. गेलेलं सगळं परत यायला हवं. परदेशी हॉटेलात चार्जर विसरला तर कागदोपत्री तो तिथे आयात झाला.

बाहेर गेल्यावर तिथला कर परत मिळवायचा हा आणखी एक छंद. दुबईत २०१८ पासून ५ टक्के कर आहे, तो पर्यटकाला परत मागता येतो. हाँगकाँगमध्ये विक्रीकरच नाही. ब्रिटनने २०२१ च्या सुरुवातीपासून पर्यटकांना कर परत देणं बंद केलं. तेव्हापासून लंडनला जाणारे मराठी मामा राजवाड्यापुढे फोटो काढतात आणि लेन्स पॅरिसला घेतात. विमानतळावरच्या परताव्याच्या रांगेत शिक्का मिळेपर्यंत विमानाची शेवटची हाक येते. १२० युरो परत मिळाले, या आनंदात ड्युटी फ्रीमध्ये किती गेले ते कोणी मोजत नाही. आणि तिकडचा कर परत घेतला म्हणजे पावतीवर किंमत उमटली, ती इकडच्या टेबलावर उपयोगी पडते. उपयोग कोणाला होतो ते सांगायला नको.

या साऱ्या उद्योगात एक बातमी फारशी कोणी मनावर घेतली नाही. २२ डिसेंबर २०१८ च्या बैठकीत वस्तू-सेवा कर परिषदेने डिजिटल कॅमेऱ्यावरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, नव्या वर्षापासून. सरळ दुकानात जाऊन बिल घेऊन कॅमेरा आणणाऱ्याचा त्यात फायदा होता. शिवाय वॉरंटी. बाहेरून आणलेली बॉडी बिघडली तर इथलं सेवा केंद्र पावती बघून हात जोडण्याची शक्यता दांडगी असते, आणि मग कॅमेरा दुरुस्तीसाठी परत परदेशी पाठवायचा, म्हणजे त्याच्या येण्याजाण्याचे कागद पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं हौशी माणसाला कळतं. तो हिशेब मांडतो, वही भरते, आणि एका शनिवारी, साबाथ असल्याने दुसरं काही करता येत नसताना, लोकल पकडून फोर्टातल्या एका जुन्या कॅमेरा दुकानात जाऊन उभा राहतो.

आता त्याला किंमत, भाडं, विमा, अधिभार, मथळे, उपपदं सगळं मुखोद्गत असतं. दुकानदार काचेच्या कपाटातून खोकं काढतो, फडक्याने पुसतो, समोर ठेवतो. हौशी माणूस भाव विचारतो. दुकानदार एकदा दाराकडे बघतो, कॅल्क्युलेटर जवळ ओढतो आणि विचारतो,

‘बिल लागणारे का, साहेब?’